मागाची जबाबदारी : गुन्हा झाल्यावर पीडिताचं देणं कोण लागतो?



मागच्या खेपेला आपण शिक्षेच्या कल्पनेवर बोललो. व्याख्यान संपता संपता मागच्या रांगेतून एक प्रश्न आला होता. ‘सर, आरोपीला जन्मठेप झाली, ठीक आहे. पण ज्याचं माणूस गेलं त्याला काय मिळालं?’ वेळ संपली म्हणून आम्ही तो पुढं ढकलला. खरं सांगायचं तर उत्तर तयार नव्हतं. इतकी वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. न्यायाची चर्चा आली की वर्गात गुन्हेगार असतो, राजा असतो, दंड असतो. ज्याच्यावर गुन्हा झाला तो पहिल्या वाक्यात येतो आणि मग तासभर कुठं दिसत नाही. आमच्या शिकवण्यातही तो दिसला नाही, हे कबूल करूनच सुरुवात करतो.

तर आज त्याच्याविषयी बोलू. त्याच्या मदतीचा पैसा कुणी द्यायचा, का द्यायचा, आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यात तो त्याच्यापर्यंत कसा पोचतो किंवा पोचत नाही.

सुरुवात थोडी लांबून करतो. मराठी राज्यात गावात चोरी झाली की जागल्या माग काढायचा. पावलांचे ठसे, बैलांचे खूर, मोडलेलं गवत बघत तो शिवेपर्यंत जायचा. माग शिवेपलीकडं गेला तर पुढच्या गावाच्या जागल्याला तो दाखवून द्यायचा, आणि मग शोध त्या गावाच्या गळ्यात. असं करत करत ज्या गावात माग थांबला त्या गावानं एकतर चोर द्यायचा, नाहीतर गेलेला ऐवज भरून द्यायचा. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टननं दख्खनच्या मुलखाचा जो अहवाल १८१९ साली लिहिला, त्यात या पद्धतीची नोंद आहे. इंग्रज अधिकाऱ्याला तिचं नवल वाटलं असावं. पण नवल वाटायचं कारण नव्हतं. त्यांच्याकडेही १२८५ च्या विंचेस्टरच्या कायद्यात असंच होतं. दरोडा पडला आणि दरोडेखोर सापडला नाही तर त्या टापूतल्या लोकांनी नुकसान भरायचं. त्याच्याही मागं गेलात तर बाबिलोनच्या हम्मुराबीच्या संहितेत हेच कलम आहे. लुटारू सापडला नाही तर ज्या नगराच्या हद्दीत लूट झाली त्या नगरानं आणि त्याच्या प्रमुखानं भरपाई द्यायची. जीव गेला असेल तर वारसांना चांदी द्यायची.

आपल्या धर्मशास्त्रांनीही हेच सांगितलं. चोरीचा माल राजानं परत मिळवून द्यावा, मिळवता आला नाही तर आपल्या कोशातून द्यावा. गौतमाच्या धर्मसूत्रात हे आहे, कौटिल्यात आहे, याज्ञवल्क्यात आहे. यामागचा विचार नीट पाहा. राजा दयाळू आहे म्हणून देत नाही. त्यानं षड्भाग घेतलेला आहे, म्हणजे पिकाचा सहावा हिस्सा, आणि तो घेतला रक्षणाच्या बदल्यात. रक्षण झालं नाही, मग घेतलेलं परत कर. हा सरळ देण्याघेण्याचा हिशेब आहे. आजच्या सरकारी भाषेतला ‘सानुग्रह’ हा शब्द त्यात कुठंच बसत नाही. तो शब्द लक्षात ठेवा, आम्ही पुन्हा त्याच्याकडं येणार आहोत.

जुन्या मराठी कोशांत ‘मुंडकटाई’ असा एक शब्द सापडतो. गावासाठी भांडताना माणूस मेला तर त्याच्या वारसाला जमीन किंवा रक्कम मिळायची, ती मुंडकटाई. शब्द ऐकायला भयंकर आहे, पण त्यातली कल्पना भयंकर नाही.

आता, ‘पूर्वी सगळं किती छान होतं’ असं म्हणायला आम्ही इथं उभे नाही. मागाची जबाबदारी कागदावर गावाची असली तरी शेवटी ती पडायची जागल्यावर, महारावर, रामोशावर, भिल्लावर. ऐवज भरून द्यायची ऐपत नसलेल्या माणसाच्या मानेवर ते जोखड होतं. शिवाय भरपाई मिळायची ज्याच्याकडं चोरण्यासारखं काही होतं त्याला. बाईच्या अंगावर हात टाकला गेला तर तिला काय मिळायचं? बहुतेक वेळा तिलाच शिक्षा. बदकर्माचा आरोप आलेल्या बायकांना सरकारी कुणबिणी करून टाकल्याच्या नोंदी पेशवे दप्तरात आहेत. आणि ‘गुन्हेगारी’ हा शब्द! आज आपण तो ‘गुन्हेगारी वाढली’ असा वापरतो. जुन्या कागदांत गुन्हेगारी म्हणजे गुन्ह्याबद्दल घेतलेला दंड, सरकारच्या जमेची एक बाब. गुन्हा घडला की खजिन्यात भर पडायची. ज्याच्यावर घडला त्याच्या घरात नाही.

मग इंग्रज आले. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून त्यांच्या ताब्यात आलं. आपला जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जायचा, यवतमाळ हे नाव १९०५ पासूनचं. त्यांनी पोलीस आणले, दंडसंहिता आणली, न्यायालयं आणली. हे सगळं आणताना त्यांनी एक गोष्ट गुपचूप काढून घेतली. गुन्हा आता सरकारविरुद्धचा झाला. भरपाईची सामूहिक जबाबदारी गेली, पण सामूहिक संशय मात्र राहिला, उलट कायदेशीर झाला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आठवा. पारध्यांसारख्या जमातींवर जन्मतःच शिक्का मारणारं ते राज्य, चोरी झालेल्याला स्वतःच्या कोशातून एक पैसा द्यायला मात्र बांधील नव्हतं. स्वातंत्र्यानंतर, १९५२ च्या ३१ ऑगस्टला, तो शिक्का कागदावरून पुसला गेला. माणसांच्या डोक्यातून किती पुसला गेला ते कुठल्याही पारधी बेड्यावर जाऊन विचारा.

ज्याच्यावर गुन्हा झाला त्याचं या नव्या व्यवस्थेत काय झालं? तो आधी फिर्यादी झाला, मग सरकार पक्षाचा साक्षीदार क्रमांक एक. खटल्याच्या शीर्षकात त्याचं नाव नाही. ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ अमुक अमुक. त्याच्या जागी शासन उभं आहे. तो कोर्टाच्या व्हरांड्यात बाकड्यावर बसलेला आहे आणि पुकारा होईपर्यंत त्याला आत जागा नाही.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ५४५ वं कलम होतं. आरोपीला दंड झाला तर त्या दंडातून पीडिताला काही द्यावं, असं न्यायालयाला सांगता येत असे. १९७३ च्या संहितेत ते ३५७ झालं, आणि दंड नसला तरी आरोपीला भरपाई द्यायला लावता येईल, अशी सोय आली. सोय आली, वापर आला नाही. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हरी सिंग खटल्यात खालच्या न्यायालयांना सांगितलं की हा अधिकार मोकळ्या हातानं वापरा. पंचवीस वर्षांनी, २०१३ मध्ये, तेच न्यायालय आपल्याच राज्यातल्या अंकुश शिवाजी गायकवाड खटल्यात तीच गोष्ट पुन्हा सांगत होतं. शेतातल्या कुत्र्यावरून निघालेलं भांडण, त्यात गेलेला एक जीव. न्यायमूर्ती ठाकूर यांच्या पीठानं म्हटलं की भरपाई द्यायची की नाही याचा विचार करणं न्यायालयावर बंधनकारक आहे, द्यायची नसेल तर कारणं लिहा. एकच गोष्ट पंचवीस वर्षांनी पुन्हा सांगावी लागते याचा अर्थ मधल्या काळात कुणी ती ऐकली नव्हती.

आणि ऐकली असती तरी? खून करणारा शेतमजूर असेल तर त्याच्याकडून काय वसूल होणार? कलम ३५७ ची सगळी इमारत आरोपीच्या खिशावर उभी होती. आरोपी सापडला पाहिजे, त्याच्यावर गुन्हा सिद्ध झाला पाहिजे, आणि त्याच्याकडं पैसे असले पाहिजेत. तीन ‘पाहिजे’ एकत्र जुळण्याचे प्रसंग किती, तुम्हीच मोजा.

आपल्या विदर्भातलाच दाखला घ्या. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला. नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली, १९७९ मध्ये चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. आमच्या पिढीनं हे सगळं वर्तमानपत्रांतून वाचलं, त्यावर चर्चासत्रं केली. पण तो १९८३ चा बदल काढून पाहा. पुराव्याचं ओझं, शिक्षेची मुदत, कोठडीतला अत्याचार, नाव छापण्यावर बंदी, हे सगळं आहे. त्या मुलीसारखीला सरकारनं घर, उपचार, रोजीरोटी द्यायची, याबद्दल त्यात एक ओळ नाही. मोर्च्यात असलेल्या आमच्यासारख्यांनाही ते सुचलं नव्हतं.

जगात तोपर्यंत हा विचार सुरू झालेला होता. मार्जरी फ्राय नावाच्या इंग्रज बाई, तुरुंगसुधारणेत आयुष्य घालवलेल्या, त्यांनी १९५७ मध्ये लेख लिहून विचारलं की कामावर अपघात झाला तर समाज मिळून भरपाई देतो, मग गुन्ह्यात जखमी झालेल्याला का नाही? गंमत बघा, कैद्यांची बाजू घेणारी बाई पीडितांचीही बाजू घेते. आपल्याकडं या दोन बाजू घेणारे लोक एकमेकांशी बोलतही नाहीत. न्यूझीलंडनं १९६३ मध्ये पहिला कायदा केला, १९६४ मध्ये ब्रिटननं योजना आणली. मग १९७४ मध्ये ब्रिस्टॉल शहरात काही लोकांनी वेगळाच उद्योग सुरू केला. पैसे वाटायचे नाहीत, तर गुन्हा झालेल्याच्या घरी जायचं, बसायचं, पुढं काय करायचं ते सांगायचं. त्यातून तिथं देशभर पसरलेली पीडित साहाय्य संस्था उभी राहिली आणि सरकारी अनुदानावर चालू लागली. धनादेश आणि सोबत या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे तिथं त्यांना लवकर कळलं.

आपल्याकडं सोबतीचा एक प्रयोग झाला, आणि तो महाराष्ट्रातच झाला. १९८४ मध्ये मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं पोलीस आयुक्तालयाच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. समाजकार्याचं शिक्षण घेतलेल्या बाया पोलिसांच्या शेजारच्या टेबलावर बसायच्या, पण पोलीस नव्हत्या. मार खाऊन आलेली बाई आधी त्यांच्याशी बोलायची. हा कक्ष पुढं राज्य सरकारनं आपल्या खर्चात घेतला, तेव्हा २००५ साल उजाडलं होतं. एकवीस वर्षं. एका टेबलाला आणि दोन खुर्च्यांना.

कायद्यात पैशाचा हक्क प्रथम नीट आला तो अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यातून. कायदा १९८९ चा, नियम १९९५ चे. नियमांना जोडलेलं एक परिशिष्ट आहे. कुठल्या अत्याचाराला किती साहाय्य, त्यातलं किती कुठल्या टप्प्यावर. २०१६ च्या दुरुस्तीनंतर खुनाच्या बाबतीत सव्वाआठ लाख, अर्धे शवविच्छेदनानंतर, अर्धे दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर. निकालाची वाट पाहायची नाही. आणि त्यातला अकरावा नियम आम्हांला फार आवडतो, कारण तो लिहिणाऱ्याला खेड्यातलं माणूस ठाऊक होतं. पीडित आणि साक्षीदार यांना येण्याजाण्याचं भाडं द्यावं, बुडालेल्या मजुरीबद्दल दैनिक भत्ता द्यावा. बसचं भाडं! न्यायाच्या तत्त्वज्ञानाचे ग्रंथ आम्ही पुष्कळ वाचले, त्यात बसचं भाडं कुठं भेटलं नव्हतं.

बाकी सर्वांसाठी मोठा बदल झाला तो ३१ डिसेंबर २००९ पासून, कलम ३५७-अ आलं तेव्हा. आता हेच कलम नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३९६ या आकड्यानं आहे, १ जुलै २०२४ पासून. हे कलम थोडं थांबून समजून घेऊ, कारण आमच्या अनुभवात दहातल्या नऊ सुशिक्षितांनाही ते ठाऊक नसतं. प्रत्येक राज्यानं केंद्राच्या सहकार्यानं पीडितांसाठी निधी उभारायचा. न्यायालयानं शिफारस केली की किती द्यायचं ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणानं ठरवायचं. आरोपी निर्दोष सुटला, तरी पीडिताचं पुनर्वसन आवश्यक वाटलं तर न्यायालय शिफारस करू शकतं. आरोपी सापडलाच नाही, ओळखलाच गेला नाही, खटलाच उभा राहिला नाही, तरी पीडित किंवा त्याचे अवलंबित थेट प्राधिकरणाकडं अर्ज करू शकतात. चौकशी दोन महिन्यांत संपवायची. ठाणेदाराच्या किंवा दंडाधिकाऱ्याच्या दाखल्यावर तातडीचा उपचार मोफत.

मंडळी, हा जुना माग आहे! चोर सापडो न सापडो, ज्याच्या हद्दीत घडलं त्यानं भरून द्यायचं. दीडशे वर्षांनी तो परत आला.

महाराष्ट्रानं २०१४ मध्ये आपली पीडित भरपाई योजना काढली. त्याआधी, २ ऑक्टोबर २०१३ पासून, मनोधैर्य योजना सुरू झाली होती. दिल्लीच्या घटनेनंतरचे ते दिवस. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार, आम्लहल्ला. सुरुवातीला दोन ते तीन लाख रुपये. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली ‘क्षतिसाहाय्य व पुनर्वसन मंडळ’ असं भारदस्त नाव. पुढं मुंबई उच्च न्यायालयानं गोव्याकडं बोट दाखवून विचारलं की ते दहा लाख देतात, तुम्ही तीन का? तेव्हा २०१७ मध्ये मर्यादा दहा लाखांवर गेली आणि काम विधी सेवा प्राधिकरणाकडं आलं. केंद्राकडूनही निर्भया निधी आला, २०१३ च्या अर्थसंकल्पात एक हजार कोटींचा. सुरुवातीची वर्षं त्यातला बराचसा पडूनच राहिला. त्यातूनच २०१५ पासून सखी केंद्रं निघाली, एका छपराखाली पोलीस, डॉक्टर, वकील, निवारा. जिल्ह्याला एक.

जिल्ह्याला एक. आता आपला जिल्हा डोळ्यांसमोर आणा. सोळा तालुके. उमरखेडहून यवतमाळ शंभर किलोमीटरच्या वर. झरी जामणीच्या पोडावरून निघालेल्या बाईला आधी पांढरकवडा, मग यवतमाळ. पुसद, दारव्हा, पांढरकवडा इथं सत्र न्यायालयं आहेत, त्यामुळं आरोपीचा खटला जवळ चालतो. पीडिताचा अर्ज मात्र जिल्ह्याच्या गावी. आरोपीला सरकार गाडीतून आणतं, नेतं, जेवू घालतं. ते बरोबरच आहे, त्याचं जेवण काढून घ्या असं आम्ही म्हणत नाही. फक्त दुसऱ्या बाजूची गाडी कुठं आहे ते विचारतो.

झरीचं नाव आलं म्हणून बोलतो. झरी, मारेगाव, केळापूर या पट्ट्यातल्या कोलाम मुलींचा प्रश्न तुम्हां सगळ्यांना माहीत आहे. लग्नाची आशा दाखवून, पैशाचं आमिष दाखवून बाहेरून आलेल्या पुरुषांनी फसवलेल्या आणि मूल पदरी घेऊन राहिलेल्या मुली. कैक दशकं वर्तमानपत्रं त्यांच्यावर लिहितात, संख्येवर वाद होतात, पाहणी होते, पुनर्वसनाच्या घोषणा होतात. आणि त्यांना आपण नाव काय दिलं? ‘कुमारी माता.’ हे नाव आम्हांला कधीच पटलं नाही. त्यात तिचं लग्न न झाल्याची नोंद आहे, तिच्या मातृत्वाची आहे, तिच्याशी जे केलं गेलं त्याची नाही. जणू सगळं आपोआप घडलं. गुन्ह्याचं नाव दिलं की ती पीडित होते, पीडित झाली की तिचा निधीवर हक्क होतो. ‘कुमारी माता’ म्हटलं की ती एक सामाजिक समस्या होते, आणि समस्येला हक्क नसतो, तिच्यासाठी फार तर शिबिर असतं. त्यांतल्या कितीतरी मुली घटनेच्या वेळी अठरा वर्षांच्या आतल्या असणार. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं संमतीचा प्रश्नच नाही. खटला झाला नसला तरी अर्ज करता येतो, हे आत्ताच सांगितलं. पण तो अर्ज घेऊन पोडावर कोण जाणार? कोलामी बोलणारं कोण आहे त्या कचेरीत?

नाव काय द्यायचं यावर पैसा कसा ठरतो, याचा दुसरा नमुना २०१७ चा. कपाशीवर फवारणी करता करता आपल्या जिल्ह्यात वीसाहून अधिक माणसं दगावली, शेकडो रुग्णालयात. वसंतराव नाईक वैद्यकीय महाविद्यालयाच्या वॉर्डात डोळ्यांवर पट्ट्या बांधलेले मजूर आम्ही स्वतः पाहिले. विशेष तपास पथक नेमलं गेलं. मृतांच्या घरच्यांना सरकारनं दोन-दोन लाख जाहीर केले. काय म्हणून? अपघात म्हणून, सानुग्रह. इथंच दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी यांचा दावा २०२१ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरातल्या न्यायालयात एका कीटकनाशक कंपनीविरुद्ध दाखल झाला. त्याचा निकाल काय लागावा याबद्दल आम्ही बोलणार नाही. पण शब्द पाहा. तिकडं दावा, इकडं अनुग्रह. सानुग्रह म्हणजे कृपेनं दिलेलं. कृपा करणाऱ्याला ‘उशीर का केला’ असं विचारता येत नाही.

यवतमाळच्या माणसाला सरकारी मदतीचा साचा आधीपासून पाठ आहे. शेतकरी आत्महत्येनंतर एक लाख. त्यातले तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. आधी समिती बसणार, ‘पात्र’ की ‘अपात्र’ ठरवणार. आपल्याकडं विधवा बाई शेजारणीला सांगते, ‘आमचं प्रकरण अपात्र झालं.’ प्रकरण! २०१७ च्या मनोधैर्यातही साचा तोच आहे. पंचाहत्तर टक्के दहा वर्षांच्या मुदत ठेवीत, पंचवीस टक्के हातात. ठेवीमागचा हेतू चांगला आहे, नातेवाईक पैसे खाऊन टाकू नयेत हा. पण ज्या मुलीला गाव सोडायचंय, खोली भाड्यानं घ्यायचीय, शिकायचंय, तिला पैसा पहिल्या वर्षी लागतो.

आता एक हकिगत. ओळख पटेल असं काही सांगत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरातली बाई, जिल्ह्याच्या टोकाच्या तालुक्यातली. धुऱ्याच्या वादात नवरा मारला गेला. खटला पाच वर्षं चालला, साक्षीदार फिरले, आरोपी सुटले. तिनं धरून चाललं की केस हरलो, संपलं. निकालानंतर वर्षभरानं आम्हांला कळलं, तेव्हा आम्ही शहाणपणा करून म्हणालो, ‘अर्ज करता येतो.’ मग तिच्याबरोबर एका कचेरीत जायची पाळी आली. पहिल्या खेपेला साहेब नव्हते. दुसऱ्या खेपेला वारस दाखला नव्हता. तिसऱ्या खेपेला बँकेचं खातं बंद पडलेलं निघालं. एका टेबलावरच्या गृहस्थांनी आम्हांला विचारलं, ‘आरोपी तर सुटले ना, मग पैसे कशाचे?’ आम्ही कलम सांगितलं. ते म्हणाले, ‘तुम्ही वकील आहात का?’ आम्ही म्हटलं, तत्त्वज्ञान शिकवत होतो. त्यांनी फाईल मिटली.

पण खरी अडचण पुढं आली. काम होण्याच्या बेतात असताना बाईच म्हणाली, ‘नको सर. मले नको ते पैसे.’ का? तर गावात बोललं जात होतं की हिनं नवऱ्याच्या खुनाचे पैसे घेतले, तडजोड केली. तिलाही कळत नव्हतं की हे पैसे देतं कोण. आरोपीकडून आले असतील तर तिला ते शिवायचे नव्हते. ‘त्याईनं देल्ले का हे?’ एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. पाच वर्षांत तिला हे कुणीच सांगितलं नव्हतं. पोलिसांनी नाही, सरकारी वकिलांनी नाही, कचेरीनं नाही. आम्ही व्हरांड्यात बसून तिला मागाची गोष्ट सांगितली. जागल्या, शीव, ज्या गावात माग थांबला त्या गावानं भरून देणं. तुझ्या घराचं राखण करायचं काम सरकारचं होतं, ते चुकलं, म्हणून हे देणं सरकार लागतं. ते मारणाऱ्याचे नाहीत, आणि सरकार दया करून देतंय असंही नाही. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘मंग सरकारनं चुकलं म्हून लेहून द्यावं.’

आमच्याकडं याचं उत्तर नव्हतं. आजही नाही. मंजुरीच्या कागदावर रक्कम असते, कलम असतं, खाते क्रमांक असतो.

पैसा कमी आहे की माणूस कमी आहे, यावर आम्ही खूप विचार केला. रकमा वाढवा अशी मागणी नेहमी होते, ती करावीच. पण आमचं मत विचाराल तर आधी माणूस हवा. प्रत्येक तालुक्याला एक. कायद्यानं तालुका विधी सेवा समित्या आहेतच, तिथं त्याला बसवा. गुन्हा नोंदला गेला की आठवड्याभरात तो घरी गेला पाहिजे. अर्ज त्यानं भरायचा, दाखले त्यानं काढायचे, कोर्टाच्या तारखेला शेजारी त्यानं बसायचं. महिन्याला पंचवीस हजार धरले तर सोळा तालुक्यांचे वर्षाला अठ्ठेचाळीस लाख होतात. मनोधैर्यातल्या पाच कमाल रकमांपेक्षाही कमी. जिल्हा वार्षिक योजनेतून हा खर्च निघणार नाही असं कुणी म्हणत असेल तर त्यानं त्या योजनेतल्या सौर दिव्यांचा आणि सभामंडपांचा हिशेब एकदा आमच्यासमोर मांडावा. जिल्हा परिषदेलाही स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचेच असतात.

आणि हा पैसा जिल्ह्यातून यावा असं आम्ही मुद्दाम म्हणतो. मुंबई-दिल्लीहून आलेला पैसा येतो तसा कुणाच्या लक्षात न येता परतही जातो. मागाच्या पद्धतीत सगळे दोष होते, पण शेजारच्या घरात चोरी झाली तर आपल्यालाही वाटा भरावा लागेल हे गावाला ठाऊक होतं. त्या बाईच्या गावानं तिच्यासाठी काही भरलं असतं तर ‘खुनाचे पैसे घेतले’ असं म्हणायला तेच गाव धजावलं नसतं, असं आम्हांला वाटतं. कदाचित हा आमचा भाबडेपणा असेल. तुमच्यातल्या वकील मंडळींनी यावर बोलावं.

तिनं शेवटी रक्कम घेतली. धाकट्याच्या शिक्षणाला लागली. काम झालं त्या दिवशी बस यायला वेळ होता म्हणून आम्ही स्टँडवर चहा घेत बसलो होतो. तिनं पिशवीतून प्लास्टिकची एक थैली काढली. रबर लावलेली एसटीची तिकिटं होती. खटल्याच्या प्रत्येक तारखेची, कचेरीच्या प्रत्येक खेपेची, स्वतःची आणि सासऱ्याची. अर्धी तर पुसट होऊन कोरी पडली होती. कुणीतरी कधीतरी मागेल म्हणून ठेवली होती. आम्हांला विचारलं, आता फेकू का?

आम्ही म्हटलं, राहू दे.

बरं, प्रश्न असतील ते घेऊ.